शिळा म्हणजे सातबारा नव्हे!

सभा रंगात आली की एक वाक्य हमखास येते. वक्ता पाण्याचा घोट घेतो, दोन्ही हात वर करतो आणि गर्जतो, "बंधुभगिनींनो, हजार वर्षांपूर्वी श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी आमची मराठी कोरली गेली आहे!" झाले. मांडव दणाणतो. टाळ्या आम्हीही पिटल्या आहेत. खोटे कशाला बोला? परंतु टाळ्या पिटून घरी परतताना आमच्यातल्याच एकाने विचारले, "काहो, त्या पायाशी मराठीच तेवढी आहे का?" आणि आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

तेवढीच नाही, वाचकहो. चावुंडरायाने ही मूर्ती करवली, एवढी एकच गोष्ट तेथे तीन भाषांत लिहिली आहे. कानडीत आहे, तमिळात आहे, आणि नागरी अक्षरांत 'श्रीचावुंडराजें करवियलें' अशी आपल्या मराठीत आहे. पुढे होयसळांचा सेनापती गंगराज याने भोवतीचा प्राकार बांधला, त्याचीही नोंद अशीच. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. मराठी ओळ नेमकी केव्हा कोरली यावर पंडितांची लढाई चालू आहे, ती त्यांना लखलाभ. आमचा मुद्दा निराळा आहे. तीन भाषांच्या लेखातल्या दोन झाकून तिसरीवर टाळ्या घेणे याला इतिहास म्हणत नाहीत. आणि हा डाव उलटाही खेळता येतो. सोलापूर, कोल्हापूर, सांगली या जिल्ह्यांत कानडी शिलालेख थोडेथोडके नाहीत, पुष्कळ आहेत. उद्या पलीकडच्या मांडवातल्या वक्त्याने त्यांच्यावर हात ठेवून गर्जना केली, तर आम्ही काय उत्तर देणार? "तुमचा दगड खोटा, आमचा खरा," असे?

शिळा म्हणजे सातबारा नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. शिळेवर असते ते लिहवून घेणाऱ्याचे नाव आणि ज्याला वाचून दाखवायचे त्याची भाषा. गोमटेश्वराच्या पायाशी मराठी आहे, कारण मराठी बोलणारी माणसे तेथे दर्शनाला जात होती आणि करणाऱ्याला वाटत होते की त्यांनाही कळावे. ही गोष्ट लहान नाही. मालकीहून ती आम्हांला मोठी वाटते. पण मालकी ती नव्हे.

ताम्रपटाची कथा तर आणखी गमतीची. शिळा निदान जड असते, तिला हलवायला चार बैल लागतात. ताम्रपट हा चालता प्राणी! वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हिने आपल्या रामटेकजवळच्या नंदिवर्धनाहून दिलेले दानपत्र उजेडात आले ते पुण्यात. तेव्हा पुण्यावर वाकाटकांचे राज्य होते असे कोणी म्हणू लागला तर आमच्या महालातले पोरसुद्धा हसेल. कोणाच्या तरी पेटीतून, कोणा तांबटाच्या दुकानातून तो पत्रा फिरत फिरत गेला, दुसरे काय? तिचाच दुसरा ताम्रपट रिद्धपूरला मिळाला, त्यात रामगिरीच्या स्वामीच्या चरणांचा उल्लेख आहे. रामगिरी म्हणजे आपले रामटेक. पत्रा अमरावती जिल्ह्यात, देव नागपूर जिल्ह्यात. सीमा आखणाऱ्याने यावरून कोठली रेघ ओढावी?

मग हे लेख सांगतात तरी काय? ते पाहायला फार लांब जावे लागत नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये १८६३ साली सुरू झालेले मध्यवर्ती संग्रहालय आहे. त्याला गावात कोणी संग्रहालय म्हणत नाही, सगळे 'अजब बंगला' म्हणतात. लहानपणी आपण सगळे तेथे गेलो आहोत, पेंढा भरलेला वाघ पाहिला आहे आणि दगडांच्या दालनातून पळत सुटलो आहोत. त्या दगडांतच चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची शिळा आहे. एकाच शिळेवर दोन लेख. पहिला अशोकाच्या काळच्या वळणाच्या ब्राह्मीत, भाषा प्राकृत. कोण्या स्वामीची आज्ञा आहे की प्राण्यांना पकडू नये, मारू नये. दुसरा त्यानंतर पाचसहाशे वर्षांनी, वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या वेळचा, भाषा संस्कृत. चिक्कम्बुरी येथे राजाने धर्मस्थान केले असा त्याचा आशय. चिक्कम्बुरी म्हणजे देवटेकजवळचे चिकमारा, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशींनी दाखवून दिले. दोन हजारांहून अधिक वर्षे त्या खेड्याने आपले नाव सोडलेले नाही, थोडे झिजवले इतकेच.

आता त्या दोन लेखांकडे जरा शांतपणे पाहा. लोकांनी काय करू नये हे सांगायचे होते तेव्हा लोकांची भाषा लागली. राजाने काय केले हे मिरवायचे होते तेव्हा संस्कृत आली. एका शिळेवरून सिद्धांत बांधू नये हे आम्हांला कळते. म्हणून पुढचा पुरावा पाहू.

१९३९ साली वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. वाशिम म्हणजे तेव्हाचे वत्सगुल्म. राजाच्या राज्यवर्षाचे सदतिसावे वर्ष, म्हणजे चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. या पत्र्याची मौज अशी की तो अर्ध्यातून भाषा बदलतो! राजा कोण, त्याचा बाप कोण, आजा कोण, त्यांनी कोणते यज्ञ केले ही सगळी वंशाची आरती संस्कृतात. आणि मग मुद्द्याचे आले, म्हणजे कोणते गाव कोणाला दिले आणि त्या गावाला काय काय माफ, की लेखणी गपकन प्राकृतावर येते. शिपायांनी गावात शिरू नये. फुले आणि दूध उकळू नये. मिठासाठी खणू नये. बैल वेठीला धरू नयेत. का बरे? कारण गावात शिरणारा शिपाई, दूध मागायला येणारा अंमलदार आणि दारात उभा असलेला गवळी या तिघांना हे कळले नाही तर दान कागदावरच, नव्हे तांब्यावरच, राहायचे. मोठेपणा संस्कृतात, माफी प्राकृतात!

पाटणच्या लेखातही हाच प्रकार. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. शके ११२८ चा तो शिलालेख संस्कृत श्लोकांनी सजलेला आहे. पण मठाचा खर्च चालायचा कशावर? बाजारात विकणाऱ्या मालावर इतके, तेल्याच्या घाण्यावर इतके, ही यादी आली आणि लेख मराठीत उतरला. तेली आणि व्यापारी यांच्याकडून वसुली करायची, तर श्लोक म्हणून भागत नाही. परळच्या शके ११०८ च्या शिलालेखात शिलाहार राजा अपरादित्याचे दान संस्कृतात आहे आणि हे दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी मात्र खास मराठीत! ती शिवी येथे छापण्याजोगी नाही. छापली तर पुस्तिका घरी नेता येणार नाही. गाढवाचा संबंध आहे, एवढे सांगतो, बाकी जाणकारांना ठाऊक आहे. असो. पण शिवीसुद्धा समोरच्याला कळेल अशा भाषेतच द्यावी लागते, हे त्या काळच्या कारकुनाला पक्के कळत होते.

हे शहाणपण केवळ आपल्याकडचे नव्हे. अशोकाने कंदाहारला आपला धर्मलेख ग्रीक आणि अरामाइक अशा दोन भाषांत कोरवला, कारण तेथली प्रजा त्या भाषांची. तो लेख १९५८ साली सापडला. मिसरातला रोझेटाचा दगडही तसाच; राजा पाचवा टॉलेमी ग्रीक वंशाचा, पण पुरोहितांचा ठराव देवळाच्या लिपीत, लोकांच्या लिपीत आणि ग्रीकात असा तीनदा कोरला गेला. त्याच्या आधाराने पुढे १८२२ साली शांपोलियोंने जुनी मिसरी लिपी उलगडली. ज्याने तो कोरवला त्याच्या स्वप्नातही हे नसेल.

आता आमच्या जुन्या प्रांतातली एक शिळा सांगितल्यावाचून राहवत नाही. नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत आणि वऱ्हाडातल्या कोरीव लेखांची यादी केली. ती १९१६ साली येथेच नागपुरात छापली गेली. त्या यादीत संस्कृत आहे, मराठी आहे, फारसी आहे, बस्तरकडची तेलुगू आहे. त्यातच दंतेवाड्याचा लेख आहे. बस्तरचा राजा दिक्पालदेव याने संवत् १७६० मध्ये, म्हणजे १७०३ साली, देवीच्या देवळात दोन दगड बसवले. एकावर संस्कृत. दुसऱ्यावर तीच हकीकत तिकडच्या बोलीत. आणि दोन दगड का, हे त्या दुसऱ्या दगडानेच सांगितले आहे: कलियुगात संस्कृत वाचणारे थोडे उरले, म्हणून हा दुसरा दगड 'भाषे'त लिहिला! लेख लिहिणारा राजगुरू मैथिल पंडित. त्याला संस्कृत येत होते, त्याचा अभिमानही असणार. तरी त्याने कबुली दिली. एवढी सरळ कबुली आजच्या एखाद्या कचेरीच्या फलकावर आम्हांला अजून दिसायची आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "वा! म्हणजे जुने राजे फार लोकाभिमुख होते तर." थांबा. येथे आमच्याच म्हणण्याला टाच लागते, आणि ती लपवणे बरे नव्हे. वाशिमच्या पत्र्यात माफीची कलमे प्राकृतात आहेत. पण त्याच वाकाटकांच्या नंदिवर्धनाकडच्या घराचे, म्हणजे आमच्या रामटेककडचे, पुढचे ताम्रपट पाहा. त्यांत वंशही संस्कृतात आणि माफीही संस्कृतात. फुले-दूध घेऊ नये, शिपायांनी शिरू नये ही तीच कलमे, पण गवळ्याला न कळणाऱ्या भाषेत. लोकांची भाषा हुकुमातून हळूच बाहेर काढली गेली. आणि याच घरातला राजा दुसरा प्रवरसेन फावल्या वेळात काय करीत होता? महाराष्ट्री प्राकृतात 'सेतुबंध' हे महाकाव्य रचीत होता! लोकभाषेची अवहेलना तो करीत होता असे कोण म्हणेल? तिचे कौतुकच होते. काव्याला प्राकृत, हुकुमाला संस्कृत. भाषेला दिवाणखान्यात मानाचा पाट, कचेरीत मात्र प्रवेश बंद.

हुकुमात देशभाषा परत डोकावायला पुढे सहासातशे वर्षे लागली. तोवर तिचे रूप पालटून ती मराठी झाली होती.

हे वाचताना काही ओळखीचे वाटते का? आम्हांला तर फारच वाटते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे आम्हीही खाल्ले. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन होतो, पालख्या निघतात, फेटे बांधले जातात. ज्या रिद्धपुरात महानुभावांनी मराठीत ग्रंथ लिहिले तेथे मराठी भाषा विद्यापीठ झाले, याचाही आनंद आहे. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवराजसूरींना नागदेवाचार्यांनी अडवले, का तर साध्या म्हाताऱ्या बायकांना ते कळणार नाही, ही त्याच परंपरेची गोष्ट. पण त्या म्हाताऱ्या बाईची आजची नात बँकेत कर्जाचा कागद सही करते तो कोणत्या भाषेत? पीकविम्याच्या अटी बारीक अक्षरांत असतात, त्या कोणत्या भाषेत? उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात तिची जमीन गेली की राहिली हे ठरते, तो निकाल कोणत्या भाषेत लिहिला जातो? काव्याला मराठी, हुकुमाला इंग्रजी. प्रवरसेनाचा दरबार अजून उठलेला नाही, बाप्पा!

राजभाषेचा कायदा नाही असेही नाही. १९५० साली नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशाने हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा केल्या होत्या. पुढे १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि १९६४ साली मराठी राजभाषेचा अधिनियम आला. कायदे झाले, कागद पूर्ण वळले नाहीत. आमच्यातल्या एकाच्या वडिलांना एका कचेरीतून नोटीस आली. इंग्रजीत. मुदत पंधरा दिवसांची. वाचून देणारा पोरगा पुण्याला, तो दिवाळीला आला तेव्हा मुदत संपून महिना झाला होता. वडील म्हणाले, "मराठीत धाडली असती तर मीच वाचली असती ना. सातवी पास आहो मी." पुढे वकील करावा लागला, पैसे गेले, जे व्हायचे ते झाले. विंध्यशक्तीच्या कारकुनाला सोळाशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट त्या कचेरीला कळलेली नव्हती.

म्हणून सीमाप्रश्नावर बोलणाऱ्या आमच्या मित्रांना हात जोडून सांगणे आहे. सीमेचा निवाडा कशावर व्हावा, याविषयी महाराष्ट्राने पूर्वीपासून चार तत्त्वे धरली: खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. या चारांत शिलालेख कोठे आहे? नाही, आणि नसावाच. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला तो बेळगाव, निपाणी, कारवारकडच्या जिवंत माणसांसाठी. ती माणसे मागतात काय? आम्हांला सरकारी कागद मराठीत द्या. ही मागणी वाशिमच्या पत्र्याइतकी जुनी आणि तितकीच रास्त आहे. ती सोडून गोमटेश्वराच्या पायाशी जाऊन बसलो, तर समोरचा हजार दगड काढील, आपण हजार काढू आणि माणूस मध्येच राहील. वाकाटकांना पुढे करून विदर्भ अनादिकाळापासून निराळाच होता असे म्हणणाऱ्या आमच्या नागपूरकर स्नेह्यांनाही तेच. विदर्भाचे राज्य वेगळे असावे असे १९५५ साली फाजल अली आयोगानेही म्हटले होते. त्यावर वाद खुशाल घाला, पण आजच्या पैशापाण्यावर घाला. वाकाटकांची स्वतःचीच दोन घरे होती, एक वाशिमला, एक रामटेककडे. त्यांची साक्ष काढली तर ते आधी आपापसांत भांडतील!

आणि एक गोष्ट आम्हांलाच बोचते ती सांगून टाकतो. एवढ्या शिळा, एवढे पत्रे, नरनाळ्याच्या महाकाली दरवाजावरचा १४८७ सालचा अरबी-फारसी वळणाचा लेख, सगळे पाहिले. त्यांत गोंडी कोठे आहे? हे नागपूर शहर वसवले ते देवगडचा गोंड राजा बख्तबुलंद याने. चांद्याला गोंडांचे राज्य होते. या मुलखात गोंडी आजही बोलली जाते. पण राजा गोंड असला तरी शिक्का फारसी; घरात गोंडी, दरबारात दुसरीच. दगडावर नाही म्हणून गोंडी नव्हती काय? दगड जर सातबारा असेल तर गोंडाला त्याच्याच जंगलात जमीन उरत नाही. गोंडी अजून घटनेच्या आठव्या अनुसूचीतही नाही. बेळगावात आम्ही मराठी कागद मागतो आणि एटापल्लीच्या बाईला मात्र मराठी कागद देऊन "तुला तुझ्या भाषेत मिळाला" असे सांगतो. ती मान हलवते, कारण तिला तेही कळलेले नसते. दिक्पालदेवाने दुसरा दगड बसवला होता. आम्ही तो कधी बसवणार? ही पुस्तिका विकत घेणाऱ्यांपैकी काहींना हे रुचणार नाही. पण जे तत्त्व निपाणीला लागू ते एटापल्लीला लागू, नाहीतर ते तत्त्व नव्हे, नुसती आपली बाजू.

राहता राहिले दगड. ते वाटेल तसे पडले आहेत. मागे आम्ही काही जण भंडाऱ्याकडे एका खेड्यात गेलो होतो, पवनीच्या वाटेवर. पवनीला १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन करून बौद्ध स्तूप आणि त्यांवरचे ब्राह्मी लेख उजेडात आणले, ते पाहून परतत होतो. विहिरीच्या काठाशी एक कोरीव दगड दिसला. शेंदूर इतका थापलेला की अक्षर लागत नव्हते, आणि एक कोपरा ताजा फुटलेला. शेजारी एक म्हातारी धुणे धूत होती. तिला विचारले, "आजी, हा कोपरा कोणं फोडला?" ती म्हणाली, "पोट्ट्यायनं. माहा सासरा म्हने यावर धनाचा ठिकाना लिवला हाये. खालून खनून पाह्यलं, काई नाई निंघालं." मग जरा थांबून तिनेच विचारले, "तुमी शिकले-सवरलेले दिसता. काय लिवलं हाये बाप्पा त्यावर?"

आम्हांला वाचता आले नाही. शेंदूर खरवडू नये एवढे ठाऊक होते, म्हणून हात लावला नाही. फोटो घेतला, गावाचे नाव आणि जागा लिहून घेतली, कागद पुरातत्त्व खात्याकडे दिला. आजींना सांगितले, उत्तर आले की कळवतो, आणि पोरांना म्हणावे आता फोडू नका. तुमच्या गावात असा दगड असेल तर तुम्हीही एवढेच करा: जागेवरून हलवू नका, रंग देऊ नका, छिन्नी लावू नका, फोटो घ्या, ग्रामपंचायतीत नोंद करा. खात्याकडून आम्हांला पोच आली आहे. ती इंग्रजीत आहे.